यादीतली सहावी जागा

वेल्हे
११ जानेवारी २०२५

शेफाली,

वर आशीर्वाद लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पाकीट बघून हसली असशील. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअॅपवर केलंस, आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पाकिटावर 'खाजगी' असं लिहिणार होतो, पण तसं लिहिलं की लोक आधी तेच फोडतात. भोरचा तुमचा घरमालक कसा आहे मला माहीत नाही, म्हणून नुसता डिंक जास्त लावलाय.

झालं ते तुला सांगायची गरज नाही, ते तुझ्यावरच बेतलं. पण मी ते एकदाही माझ्या तोंडाने कबूल केलेलं नाही. दरवेळी 'चांगल्यासाठीच केलं', 'आईच्या तोंडून गेलं' असलं काहीतरी बोलत राहिलो. आज लिहून काढतो.

तुझं आधार कार्ड काढलं तेव्हा तू दहावीत होतीस आणि घरात फोन एकच, माझा. म्हणून नंबर माझा घातला. मी नुकतंच ई-सेवा केंद्र टाकलं होतं, तेव्हा निम्म्या तालुक्याच्या फॉर्मात मी माझाच नंबर घातलाय. वर डोंगरातल्या म्हाताऱ्यांकडे फोन नव्हता, फोन असला तर रेंज नव्हती, रेंज असली तर वाचता येत नव्हतं. मग कुणाची पेन्शन, कुणाचं रेशन, कुणाचा दवाखाना, सगळ्यांचे मेसेज माझ्या खिशात. बाजारात लोक मला 'ओटीपी' म्हणूनच हाक मारतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कुणाच्या घरात काय चाललंय ते त्या घराच्या आधी मला कळायचं.

गेल्या फेब्रुवारीत तुझ्या नावाचा मेसेज आला. रिपोर्ट तयार आहे, लिंक उघडा. लिंक उघडली तर ओटीपी मागितला, आणि तोही माझ्याच फोनवर आला. दिवसाला शंभर ओटीपी टाकणारा माणूस मी, हात आपोआप चालला.

हे आत्ता लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. हात आपोआप चालत नसतो. मला बघायचं होतं.

'पॉझिटिव्ह' हा एक शब्द वाचला आणि मला खुर्चीत बसवेना. पाच वर्षं लोक आईला विचारत होते, अजून काही नाही का म्हणून. घरी जाऊन आईला सांगितलं. वर म्हणालो, कुणाला सांगू नकोस. आईला असं म्हणणं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात हलगी देणं. दुपारच्या आत आंबवड्याला तुझ्या सासूबाईंना कळलं, संध्याकाळी त्या नारळ आणि खण घेऊन भोरला तुझ्या दारात उभ्या. मी पेढे आणून वाटले. तुला अजून तिसराही लागला नव्हता. तू दाजींशिवाय कुणाला सांगितलं नव्हतंस, आणि का नव्हतं सांगितलं ते तुझं तुला माहीत होतं. त्याआधी एकदा असंच होऊन गेलं होतं आणि ते तुम्ही दोघांनीच सोसलं होतं, हे आम्हाला कुठं ठाऊक?

मार्चमध्ये ते गेलं. मग ज्या ज्या बायकांनी पेढा खाल्ला होता त्या सगळ्या बसायला आल्या. तू मला शेवटचं जे बोललीस ते अजून कानात आहे: "दादा, मला रडायला घरात जागा उरली न्हाई रे. सगळीकडं बायका बसल्यात."

मी तेव्हा म्हणालो, अगं, मायेने येतात. ते म्हणायला नको होतं. पेढे वाटायला नको होते. लिंक उघडायलाच नको होती. चुकलो मी, शेफाली.

आजच का लिहायला बसलो ते विचारू नकोस. आईचा गुडघा जास्त झालाय. अण्णा ठीक आहेत. उत्तर नाही आलं तरी चालेल.

दादा


वेल्हे
२० जानेवारी २०२५

शेफाली,

उत्तर नाही आलं आणि ते चाललं नाही.

मागच्या पत्रात 'आजच का' ते लपवलं होतं. आता सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काम होणार नाही.

एप्रिलमध्ये दाजी एक कागद घेऊन आले होते. तुझ्या अक्षरातली यादी. सहा जागा लिहिल्या होत्यास, बँक, गॅस, पॅन वगैरे, आणि खाली एकच ओळ: 'या सगळ्यांतून तुझा नंबर काढ, माझा नवा घाल.' आधारसाठी तू भोरलाच अंगठा देऊन आली होतीस, ते बरं केलंस. दाजी चहा न घेता बाकड्यावर बसून राहिले. एकेक जागा मी करत गेलो, तुझ्या फोनवर ओटीपी गेला की ते तुला फोन करून विचारायचे आणि मला सांगायचे. पाच झाल्या. सहावं होतं तुझं दवाखान्याचं आरोग्य कार्ड. तेवढ्यात शेवटची एसटी लागली. मी म्हणालो, दाजी, तुम्ही निघा, सर्व्हर चालत नाही, उद्या करून टाकतो.

सर्व्हर चालत होता.

एक जागा मी ठेवली. का ठेवली याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. तू फोन उचलत नव्हतीस, गुढीपाडव्याला आली नाहीस. मला वाटलं, वर्षातून एखादा मेसेज येईल, कधी दाताच्या दवाखान्याचा, कधी कसल्या लसीचा. बहीण आहे, बरी आहे, एवढं कळेल. तुला सांगतो, चौदा वर्षांत मी कुणाच्या कामात लबाडी केली नाही. केली ती तुझ्या.

९ जानेवारीला त्या सहाव्या जागेतून मेसेज आला. रिपोर्ट तयार आहे, लिंक उघडा. कशाचा रिपोर्ट ते त्यात नाही. मी लिंक उघडलेली नाही. आईची शपथ घेणार होतो, पण आईच्या नावावर बरंच घालून झालंय, म्हणून माझीच घेतो. मेसेज तसाच आहे. कशाचा असेल याचा मी अंदाजसुद्धा करत नाही. म्हणजे करतो, आणि मग उठून बाहेर जाऊन उभा राहतो. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तो नंबर आता काढायचा आहे. अडचण अशी की जुन्या नंबरावर एक ओटीपी येतो आणि नव्यावर एक, आणि दोन्ही दहा मिनिटांच्या आत टाकावे लागतात. म्हणजे त्या दहा मिनिटांत आपल्याला दोघांना फोनवर असावं लागेल. दुसरा रस्ता मला सापडला नाही. सापडला असता तर तुला त्रास दिला नसता. दाजींच्या फोनवरून कर, म्हणजे तुझा नवा नंबर माझ्याकडे फोनात राहणार नाही. तो दाजींच्या कागदावर होता, पण तो कागद मी त्यांना परत दिला आणि नंबर पाठ केला नाही. पाचदा टाकूनही पाठ केला नाही, हे एवढं तरी खरं मान.

दुपारी एक ते दोन मी केंद्रात एकटाच असतो.

दादा


वेल्हे
४ फेब्रुवारी २०२५

शेफाली,

शनिवारी भोरला येऊन गेलो. तुझ्या पतसंस्थेच्या खाली, रस्त्याच्या पलीकडे दहा मिनिटं उभा होतो. मग वाटलं, हे तरी काय चाललंय, हेसुद्धा बघणंच झालं की. म्हणून शफीच्या दुकानात जाऊन बसलो. मोबाईल दुरुस्त करतो तो, माझ्याबरोबर अकरावीला होता, तुला आठवत असेल.

त्याच्याकडे एक खोका आहे, दुरुस्तीला आलेल्या फोनांचा. प्रत्येक फोनच्या पाठीला चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर नऊ टिंबं आणि कुलूप उघडायची रेघ. निम्म्या भोरच्या किल्ल्या त्या खोक्यात पडलेल्या असतात. मी विचारलं, "शफी, कधी बघावंसं वाटत न्हाई का रे?" तो हातातला स्क्रू न ठेवता म्हणाला, "वाटतं की. म्हनून तर मी फोन चालू हाये का न्हाई येवढंच बघतो आन् उलटा ठेवतो. वाटनं काय कुनाच्या हातात असतंय? उलटा ठेवनं हातात असतंय." त्याला आपलं काही माहीत नाही.

त्याच्याकडे गेलो ते एका कामासाठी. लिहू का नको असं चाललंय, पण लपवायचं नाही असं ठरवलंय. गेल्या वर्षी ती लिंक मी उघडली ना, तेव्हापासून माझ्या फोनला वाटायला लागलं की घरात बाळ येणार आहे. लंगोटांच्या जाहिराती, पाळण्याच्या जाहिराती. कुठल्याशा अॅपचा दर आठवड्याला निरोप, तुमचं बाळ आता लिंबाएवढं झालं, आता पेरूएवढं. मार्चनंतरसुद्धा ते वाढतच राहिलं. अडतीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस मी, शफी हसून हसून लोळला. मी हसलो नाही म्हणून मग तोही थांबला. त्याने अर्धा तास बसून सगळं पुसलं, आणि मेसेज आला तरी वर स्क्रीनवर दिसणार नाही असं करून दिलं. ९ जानेवारीच्या त्या मेसेजनंतर तुझ्या नावाचे आणखी दोन आलेत. आलेत एवढं दिसतं, आतलं नाही. मी पेढे वाटले तर मला नावं तरी ठेवता येतात. या फोनवाल्यांना कोण नावं ठेवणार? त्यांना तर आपलं गेलेलंसुद्धा कळत नाही.

आणखी एक. तू अण्णांशी रोज चार वाजता फोनवर लुडो खेळतेस ते मला माहीत आहे. अण्णांना आता त्या खेळाशिवाय काही सुचत नाही. मध्ये जाहिरात लागली तर ती पूर्ण बघतात, बंद करत नाहीत. म्हणतात, "येवढं ती बाई बोलती हाये, मधनं उठून कसं जायाचं?" तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागला की मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचो. किती वेळ खेळलीस, मध्ये उठलीस का, आज आलीसच का नाही. परवा अण्णा वळून म्हणाले, "तू मागं हुबा ऱ्हायलास की मला सहा पडत न्हाई. जा तिकडं." गेलो. आता चार वाजता मी घरात नसतो.

बाजारात भजी घेतली तर ती आधारच्या झेरॉक्समध्ये बांधून मिळाली. उलटून बघितली तर माझ्याच केंद्रातली, खराब निघालेली म्हणून मी रद्दीत दिलेली. एका आजीचं नाव, पत्ता, फोटो, आणि फोटोवर तेल. भजी गेली नाहीत खाली. केंद्रात येऊन सगळी रद्दी मागे नेऊन जाळली. रखमाजी बाकड्यावरून विचारतो, "काय रं अमृता, शेकोटी का काय?" हा रखमाजी आपल्या आळीतलाच, काम असो नसो माझ्या बाकड्यावर असतो, तो तुला वेगळा सांगायला नको.

फोन कर शेफाली. एक ते दोन. मी काही विचारणार नाही.

दादा


वेल्हे
११ फेब्रुवारी २०२५

शेफाली,

काल तू केलास. तुला सगळं माहीतच आहे, पण या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. एरवी या वेळेला कुणी नसतं, पण काल रखमाजी आणि आणखी दोघं बसलेले होते. दाजींचं नाव बघितलं आणि मी म्हणालो, "जरा भाईर जावा सगळी." रखमाजी हलेना. म्हणाला, "का? माज्यापासनं काय चोरून ठिवायचंय?" मी म्हणालो, "व्हय, ठिवायचंय." चौदा वर्षांत त्या बाकड्यावरून मी कुणाला उठवलं नव्हतं. दार ओढून घेतलं.

तू हॅलो म्हणाली नाहीस. म्हणालीस, "आकडा लागंल तवा सांग."

पहिल्यांदा जुन्या नंबराचा झाला, म्हणजे माझा. मग तुझा नंबर टाकायचा होता, तो तू सांगितलास आणि मी लिहून न घेता थेट टाकला. मग ते चाक गोल फिरत बसलं. या वेळी खरंच सर्व्हर चालत नव्हता आणि मला घाम फुटला, की तुला वाटणार हा पुन्हा लबाडी करतोय. म्हणालो, "फिरतंय गं. खरंच फिरतंय." तू म्हणालीस, "फिरू दे."

सहा मिनिटं फिरलं. अकरा महिन्यांत आपण एकमेकांबरोबर एवढा वेळ काढला नव्हता. तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली. दाजी काहीतरी बोलले. तू विचारलंस, "आईचा गुडगा?" मी म्हणालो, तेल लावते. "अण्णा जेवले?" जेवले. मला विचारायचं होतं ते एकच होतं, आणि ते तोंडात आलं की मी शफीचं वाक्य मनात म्हणायचो.

मग तुझ्या फोनवर आकडा आला. त्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, हा ओटीपी कुणालाही सांगू नका. दिवसातून शंभर वेळा मी लोकांना ते वाचून दाखवतो आणि लगेच म्हणतो, सांगा बघू. मग एकेक आकडा सावकाश सांगितलास, सहाही. चौथा आकडा माझ्याकडून दोनदा दाबला गेला, पुसून पुन्हा टाकला. झालं म्हणून हिरवी खूण आली.

"काढला?"
"काढला."
"सगळा?"
"सगळा. स्क्रीनचा फोटो धाडतो दाजींला."
"फोटो नको. तू म्हंतोस न्हवं, मग झालं."

मग तू म्हणालीस, "काय इचारायचं न्हाई?"
"न्हाई."
"बरं," म्हणालीस आणि ठेवलास.

मी दार उघडलं नाही लगेच. टेबलावर डोकं ठेवून रडलो, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. आलेले तिन्ही मेसेज न उघडता पुसले. रखमाजी बाहेरून दार वाजवत होता, त्याला सातबारा पाहिजे होता.

आता तुझ्या नावाचा एकही मेसेज माझ्याकडे येणार नाही. बरं वाटतंय असं लिहिणार होतो, पण तसं नाही. रिकामं वाटतंय. पण ते माझं मी बघेन, तू त्याचा भार घेऊ नकोस.

दादा


वेल्हे
१७ जून २०२५

शेफाली,

चार महिने पत्र टाकलं नाही, मुद्दामच. आजही टाकू नये असं वाटत होतं, पण थकलोय आणि बोलायला दुसरं कुणी नाही.

तुझ्यानंतर म्हटलं, बाकीच्यांचेही नंबर सोडवू. यादी केली तर अजून माझ्याच नंबरावर असलेली एक्केचाळीस माणसं निघाली. त्यातली सात वारलेली. वारल्यालासुद्धा अजून मेसेज येतात, तुमचं कार्ड अद्ययावत करा. रविवार आला की मोटारसायकल काढायची, एकेक वाडी गाठायची, घरात कुणाचा मुलगा, नातू, सून यांचा नंबर घ्यायचा, रेंज सापडेल त्या बांधावर म्हातारीला घेऊन उभं राहायचं आणि दोन ओटीपींची वाट बघायची. अंगठे झिजलेले, मशीन घेत नाही. आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, फॉर्मात कुठं नवं, कुठं जुनं, तेही जुळत नाही. कंबर धरली माझी. सव्वीस झाले.

गेनूनानांकडे गेलो तर ते ऐकेचनात. मी समजावलं, नाना, तुमची बँक, तुमचा दवाखाना, ते दुसऱ्याने बघणं बरं नाही. ते म्हणाले, "आरं, मला वाचायला येत न्हाई. माजं मी बघायचं म्हंजी कसं बघायचं? नातवाकडं दिलं तर तो गेमा खेळतोय दिसभर, त्येला येक शबूद इचारला तर खेकसतोय. तू वाचून सांगतोस, चा पितोस, जातोस. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे." ज्याला वाचता येतं त्याचंच गुपित राहतं, असं आहे का हे? शेवटी ठरलं, त्यांचा नंबर माझ्याकडेच, पण मेसेज आला की त्यांच्यासमोर बसूनच उघडायचा. तेव्हापासून मंगळवारी त्यांच्याकडे जातो. सात-आठ मेसेज साठलेले असतात, त्यातले पाच जाहिरातीचे. नाना तेसुद्धा पूर्ण ऐकतात.

लोक नाराज आहेत. 'ओटीपी आता शिष्ट झालाय' म्हणतात. कुणाचं काय चाललंय विचारलं तर मी म्हणतो, मला माहीत नाही, आणि ते कुणालाच पटत नाही.

तू कशी आहेस हे मी आईला विचारत नाही. आई भोरला दोनदा येऊन गेली, घरी परतली की माझ्याकडे बघते आणि ओठ दाबून भाकरी थापायला बसते. तिचं तोंड बघून जे कळायचं ते कळतंच, आंधळा नाही मी. पण मी ताट घेऊन पडवीत जाऊन जेवतो.

जपून राहा. एवढं कुणालाही लिहिता येतं.

दादा


वेल्हे
९ सप्टेंबर २०२५

शेफाली,

घाईत लिहितोय. हे पत्र पोचायच्या आत तुझा फोन आला तर हे न वाचता फाडून टाक.

आज अकराच्या सुमाराला केंद्रात होतो. गर्दी होती. रखमाजी दारातूनच ओरडत आला, "अमृता, आरं मामा झालास की! पेढं कुटं हायती?" दाजींनी कंपनीत पेढे वाटले म्हणे, तिथं रखमाजीचा पुतण्या पप्पू कामाला आहे, त्याने घरी फोन केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "ह्येला तर राती‌च कळलं आसंल, ओटीपी हाये त्यो." मी म्हणालो, "न्हाई. मला ठावं न्हाई." आणि शेफाली, ते खरं होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि मला नव्हतं.

रखमाजी पुढे सांगायला लागला, काय झालं ते. मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि उठलो. लॅपटॉप उघडा, एका बाईंचा अंगठा मशीनवर, आणि मी कानावर हात ठेवून रस्त्यावर. रखमाजी मागून येतोय, "आरं ऐक तरी!" मी आणखी जोरात चालतोय. स्टँडवर पुण्याची एसटी उभी होती, तिचा कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "काय मास्तर, कान फुटला का?"

घरी आलो तर आई उंबऱ्यावर बसलेली. मला बघून तिने तोंडावर पदर धरला. मी म्हणालो, "आई, तुला कवा कळलं?" ती म्हणाली, "सकाळी सातला. शेफी म्हनली, दादाला कुनी सांगायचं न्हाई, म्या सांगनार. आरं, आजवर कवा काय पोटात ठिवलंय का म्या? सकाळधरनं पोट दुकतंय माजं. आता तू हितनं जा, न्हाईतर निघंल त्वांडातनं." अण्णा आत फोन घेऊन बसलेत, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण हसत होते, पाठ हलत होती.

म्हणून मागच्या पडवीत येऊन बसलोय. दाराची कडी लावून घेतली आहे, आतलं ऐकू येऊ नये म्हणून. दुपारचे तीन वाजलेत. तू दमली असशील, झोपली असशील. घाई नाही. संध्याकाळी कर, उद्या कर, चार दिवसांनी कर. केंद्र बंद ठेवलंय, बाजारात जाणार नाही, रखमाजीला दाराशी येऊ देणार नाही. गेल्या वेळी मी तुझ्या आधी सांगत सुटलो होतो. या वेळी तुझ्याकडून ऐकायचंय.

तू सुखरूप आहेस आणि मी मामा झालो, एवढं रखमाजी बोलून गेला. तेवढं कानात शिरलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण मुलगा की मुलगी, कुणासारखं, रडलं का, केस आहेत का डोक्यावर, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही गं.

सांग.

दादा